इंग्रजी नेमकी कुठे अडवते?

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या १३ भाषांमधली पहिलीची मुले वर्ष संपताना किती शब्द बरोबर वाचतात, हे त्यांनी तपासले होते. शब्द रोजच्या वापरातले होते आणि प्रत्येक मूल आपल्या शाळेच्या, ओळखीच्या भाषेतच वाचत होते. फिनिश, जर्मन आणि ग्रीक मुलांनी सुमारे ९८ टक्के शब्द बरोबर वाचले. इटालियन आणि स्पॅनिश मुलांनी ९५ टक्के वाचले. फ्रेंच मुले ७९ टक्क्यांवर, पोर्तुगीज ७३ वर आणि डॅनिश ७१ वर होती. सगळ्यात खाली इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुले होती. त्यांना फक्त ३४ टक्के शब्द जमले.

स्कॉटलंडमध्ये मुले पाचव्या वर्षी शाळेत जातात, फिनलंडमध्ये सातव्या. वयातल्या या फरकामुळे तर हे झाले नसेल? संशोधकांनी तीही शक्यता पडताळली. केवळ वयाने एवढी तफावत पडत नाही, असे त्यांना आढळले. वाचनाचा जो पाया इतर बहुतेक युरोपीय भाषांत वर्षभरात घातला जातो, त्याला इंग्रजीत दुपटीहून अधिक काळ लागतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. मुले सारखीच हुशार होती. वेगळे होते ते त्यांच्यासमोरचे लेखन.

दुसरीकडे जगभरात एक समज पक्का रुजलेला आहे : इंग्रजी ही युरोपातली सगळ्यात सोपी भाषा. तिच्यात नामांना लिंगे नाहीत, विभक्तींचे तक्ते नाहीत, क्रियापदाची रूपे मोजकीच. चार महिने शिकलेला माणूसही विमानतळावर आपले काम भागवून घेतो. जर्मन किंवा रशियन चार महिने शिकलेल्याला ते इतक्या सहज जमत नाही.

डंडीचा निष्कर्ष आणि हा समज दोन्ही खरे आहेत. ते भाषेच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतात, म्हणून परस्परविरोधी वाटतात. वाचन, व्याकरण, उच्चार आणि शब्दसंपत्ती यांची कठीणता वेगवेगळी मोजावी लागते. शिकणारा कुठून आला आहे आणि त्याला कुठवर जायचे आहे, हेही पाहावे लागते. असे सुटे करून पाहिले की इंग्रजीचा स्वभाव स्पष्ट होतो. इतर भाषा आपले अवघडपण पहिल्या पानावरच मांडतात. इंग्रजी ते विखरून ठेवते, आणि त्यातले बरेचसे उशिरा समोर आणते.

याला मोठा अपवाद स्पेलिंगचा. ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’, ‘बाव’ आणि ‘थॉट’ या सहा शब्दांत ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे ओळीने येतात आणि सहाही ठिकाणी वेगळी वाचली जातात. खेराल्ड नोल्स्ट त्रेनिते या डच शिक्षकाने १९२० मध्ये अशा विसंगती गुंफून ‘द केऑस’ नावाची लांबलचक कविता रचली. ती आली ती इंग्रजी उच्चारांच्या एका पाठ्यपुस्तकाची पुरवणी म्हणून. परदेशी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता त्याच्याकडे एवढी सामग्री जमली होती.

या अवस्थेमागे इतिहास आहे. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. छपाईमुळे शब्दांची लेखी रूपे हळूहळू पक्की होत गेली. नेमके त्याच काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपली जागा सोडत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात झालेल्या या उलथापालथीला डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असे नाव दिले. त्याआधी ‘हाउस’चा उच्चार ‘हूस’ असा होता आणि ‘नेम’चा ‘नाम’च्या जवळ जाणारा. ‘नेम’ला जर्मन माणूस आजही जवळपास तसेच म्हणतो. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दातला आरंभीचा ‘के’ आणि मधला ‘जी-एच’ चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, खरोखर ऐकू येत असे. उच्चार झिजला, अक्षरे कागदावर तशीच राहिली.

त्यात विद्वानांनी भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दात आहे म्हणून तो नंतर बसवला गेला. ‘आयलंड’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याच्याशी नाते नसलेल्या ‘आइल’ या फ्रेंच वळणाच्या शब्दाच्या प्रभावाने त्यात ‘एस’ शिरला. इंग्रजीत कोणीही कधीही न उच्चारलेली ही अक्षरे जगभरातली मुले आज पाठ करतात.

हे निस्तरायला कोणी अधिकारी संस्थाही नव्हती. इटलीत अकादेमिया देला क्रुस्का १५८३ मध्ये स्थापन झाली, फ्रान्सची अकादमी १६३५ मध्ये आणि स्पेनची १७१३ मध्ये. जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये इंग्रजीसाठी अशा संस्थेचा प्रस्ताव मांडला, पण तो पुढे सरकला नाही. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सनचा कोश आला आणि प्रचलित रूपांना प्रतिष्ठा मिळाली. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या कोशातून ‘कलर’मधला ‘यू’ गाळला, ‘सेंटर’ची शेवटची अक्षरे उलटवली, पण मूळ दुखणे बाकी राहिले. ब्रिटनमध्ये १९६१ पासून काही शाळांत सर जेम्स पिटमन यांनी तयार केलेली, चाळीसहून अधिक चिन्हांची खास बालवर्णमाला वापरून पाहिली गेली. मुले त्या चिन्हांतून भराभर वाचू लागली. नेहमीच्या स्पेलिंगकडे वळताना अनेकांची गाडी पुन्हा अडली आणि प्रयोग मागे पडला.

शेजारच्या भाषांनी वेगळी वाट धरली. स्पॅनिश अकादमीने वेळोवेळी लेखन उच्चाराच्या जवळ आणले. जर्मन भाषक देशांनी १९९६ मध्ये एकत्र येऊन लेखनाचे नियम सुधारले. पोर्तुगीज भाषक देशांनी १९९० मध्ये त्यासाठी करार केला. फिनिशमध्ये तर एका ध्वनीला एक अक्षर हा नियम जवळपास सर्वत्र चालतो. नियमित स्पेलिंगच्या भाषांत स्पेलिंगच्या स्पर्धेला फारसा अर्थ उरत नाही. अमेरिकेत मात्र राष्ट्रीय स्पेलिंग बी १९२५ पासून चालू आहे, आणि गेल्या काही दशकांत भारतीय वंशाच्या मुलांनी ती वारंवार जिंकली आहे.

फ्रेंचचे प्रकरण मधले आहे. तिच्यात अक्षरांवरून उच्चार काढण्याचे नियम बऱ्यापैकी पक्के आहेत, त्यामुळे वाचणारा फारसा फसत नाही. ऐकून लिहिणारा फसतो, कारण शब्दांच्या शेवटची कितीतरी अक्षरे मुकी असतात आणि क्रियापदाची वेगवेगळी लेखी रूपे कानाला एकच वाटतात. प्रसिद्ध दूरचित्रवाणी सूत्रधार बेर्नार पिव्हो यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली शुद्धलेखनाची स्पर्धा फ्रान्समध्ये अफाट लोकप्रिय झाली, ती याच कारणाने. इंग्रजी मात्र वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला, दोघांनाही अडवते.

या अडवणुकीचे परिणाम किती खोल जातात, हे एराल्दो पाउलेसू यांच्या संशोधक गटाने २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. इटली, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या, वाचनदोष असलेल्या विद्यार्थ्यांच्या मेंदूंचे त्यांनी चित्रण केले. तिन्ही देशांत दोषाची खूण मेंदूच्या त्याच भागात सापडली. तरीही इटालियन विद्यार्थी इतर दोघांपेक्षा बरेच चांगले वाचत होते. इटालियनमध्ये २५ ध्वनी लिहायला ३३ अक्षरे किंवा अक्षरगट पुरतात. इंग्रजीत ४० ध्वनी लिहिण्याच्या तऱ्हा १,१२० भरतात, असे त्याच लेखात नोंदवले आहे. म्हणजे एकाच प्रकारच्या अडचणीसह जन्मलेले मूल इटलीत निभावून जाते आणि इंग्लंडमध्ये ‘मागे पडलेले’ ठरते.

आता व्याकरण. इथे पारडे पूर्ण फिरते.

जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. मुलगी या अर्थाचा ‘मेड्शन’ हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. लिंग, वचन आणि चार विभक्ती यांप्रमाणे नामाआधीचे उपपद बदलते, विशेषणाचा शेवटही बदलतो. मार्क ट्वेनने १८८० मध्ये या त्रासावर एक अख्खा निबंध लिहिला होता. रशियनमध्ये सहा विभक्ती आणि पोलिशमध्ये सात. शिवाय क्रिया पुरी झाली की चालू होती, यानुसार क्रियापदांच्या जोड्या लक्षात ठेवाव्या लागतात. स्लोव्हेनियात तर संस्कृतसारखे द्विवचन आजही बोलण्यात आहे. फिनिशमध्ये विभक्ती १५ आहेत, हंगेरियनमध्ये त्याहूनही जास्त.

इंग्रजीतही हे सगळे होते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तीन लिंगे होती, विभक्ती होत्या. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियाहून आलेले लोक वसले. त्यांची आणि स्थानिकांची भाषा एकमेकींना बऱ्यापैकी जवळची होती, शब्दांचे शेवट मात्र वेगळे होते. एकत्र राहताना हे शेवट गळून पडले, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामेसुद्धा त्या पाहुण्यांचीच देणगी. १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली, दरबारात फ्रेंच बसली आणि सामान्यांच्या तोंडची इंग्रजी कोणाच्या देखरेखीविना आणखी सुटसुटीत झाली. गॅरी लुप्यान आणि रिक डेल यांनी २०१० मध्ये जगातल्या दोन हजारांहून अधिक भाषांची माहिती तपासली, तेव्हा भाषा जितकी पसरलेली तितकी तिची शब्दरूपे साधी, असा कल त्यांना दिसला. परक्यांनी मोठेपणी शिकलेली भाषा हळूहळू आपले तक्ते टाकून देते, असा त्यामागचा तर्क आहे.

शेवट गळले म्हणून व्याकरण संपले नाही. ते वाक्यरचनेत आणि छोट्या शब्दांत शिरले. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे रशियन, पोलिश किंवा फिनिश माणसाला आयुष्यभर छळते, कारण त्यांच्या भाषांत अशी उपपदेच नाहीत. ‘गिव्ह’ला ‘अप’ जोडले की सोडून देणे, ‘इन’ जोडले की नमते घेणे, ‘अवे’ जोडले की देऊन टाकणे किंवा गुपित फोडणे. अशा जोड्या शेकड्यांनी आहेत आणि त्यांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागतोच असे नाही. ‘मी तीन वर्षांपासून इथे राहतो’ हे मराठी माणूस साध्या वर्तमानकाळात म्हणतो, जर्मन माणूसही तसेच म्हणतो. इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. प्रश्न आणि नकार करताना ‘डू’ला मध्ये आणावे लागते, त्याच्या जोडीचे काही इतर युरोपीय भाषांत क्वचितच आढळते.

जर्मनचे तक्ते पाठ करून संपतात, कारण त्यांना अंत आहे. इंग्रजीतले हे बारकावे ऐकून आणि वाचूनच अंगवळणी पडतात. म्हणूनच वर्षानुवर्षे इंग्रजीत काम करणाऱ्या, उत्तम बोलणाऱ्या परदेशी माणसाच्या लेखनातही ‘द’ची चूक सापडते.

उच्चारांच्या बाबतीत इंग्रजी युरोपातल्या कठीण गटात बसते. स्पॅनिशमध्ये पाच स्वर, इटालियनमध्ये सात. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात संयुक्त स्वर धरून सुमारे वीस. स्पॅनिश किंवा ग्रीक माणसाला जहाजाचे ‘शिप’ आणि मेंढीचे ‘शीप’ वेगळे ऐकू येण्यासाठीच सराव करावा लागतो. त्यात आघाताची भर पडते. फिनिशमध्ये आघात नेहमी पहिल्या अवयवावर असतो, पोलिशमध्ये बहुधा शेवटून दुसऱ्यावर. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’चा आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’चा दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’चा तिसऱ्यावर. आघात सरकला की बाकीचे स्वर पुसट होतात आणि शब्द ओळखू येईनासा होतो.

या एका बाबतीत इंग्रजीहून कठीण शेजारीण आहे ती डॅनिश. तिचे स्वर अनेक, आणि व्यंजने बोलताना इतकी विरघळतात की एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळणे मुश्कील होते. डेन्मार्कमधली तान्ही मुलेसुद्धा आरंभीचे शब्द समजून घेण्यात इतर देशांतल्या मुलांपेक्षा काहीशी मागे असतात, असे तिथल्या अभ्यासांत आढळले आहे. वाचन चाचणीत डॅनिश मुले इंग्रजीच्या वरच्या पायरीवरच का थांबली, याचा काही अंशी उलगडा त्यातून होतो.

शब्दसंपत्ती हा इंग्रजीचा सर्वांत लांब टप्पा. जर्मन माणूस दाताला ‘त्सान’ म्हणतो आणि दंतवैद्याला ‘त्सानआर्त्स्ट’, म्हणजे दात-डॉक्टर. हातमोज्याला तो ‘हाताचा बूट’ अशा अर्थाचा शब्द वापरतो. थोड्या मूळ शब्दांतून हजारो शब्द उलगडतात. इंग्रजीत दात ‘टूथ’ आणि त्यावरचा डॉक्टर ‘डेंटिस्ट’, सूर्य ‘सन’ आणि त्याचे विशेषण ‘सोलर’. रोजचे शब्द जर्मनिक घराण्याचे, शिष्ट आणि शास्त्रीय शब्द फ्रेंच, लॅटिन, ग्रीकमधून आलेले. अर्ध्याहून अधिक शब्दसाठा या दुसऱ्या वाटेने आला आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोश न उघडता वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे ठाऊक असावी लागतात. दोन-तीन हजारांवर बोलणे भागते. मधल्या पल्ल्यात असंख्य लोक वर्षानुवर्षे अडकून राहतात.

कोणाला काय अवघड जाते, हा प्रश्न यापुढचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्यासाठी लागणारा वेळ अनेक दशके नोंदवत आली आहे. डच, स्वीडिश, इटालियन किंवा पोर्तुगीज यांना साधारण २४ ते ३० आठवडे, जर्मनला ३६, रशियन, पोलिश, ग्रीक, फिनिश आणि हिंदीला सुमारे ४४, चिनी, जपानी आणि अरबीला ८८. हा तक्ता सर्वत्र ‘जगातल्या अवघड भाषांची यादी’ म्हणून फिरतो. प्रत्यक्षात तो फक्त इंग्रजी भाषकाच्या दृष्टीने अंतर सांगतो. त्या तक्त्यात इंग्रजी नाही आणि असूही शकत नाही.

अर्थशास्त्रज्ञ बॅरी चिसविक आणि पॉल मिलर यांनी तो उलटा वापरून पाहिला. अमेरिकनांना जी भाषा शिकायला जड जाते, ती बोलणाऱ्यांना अमेरिकेत आल्यावर इंग्रजीही जड जाते का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आले. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या स्थलांतरितांच्या परीक्षांवरूनही हेच दिसले : मातृभाषा जितकी दूरची, तितके गुण कमी.

याची सर्वांत सुंदर साक्ष फिनलंडमध्ये मिळते. त्या देशात फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राजभाषा आहेत. शाळा, अभ्यासक्रम, राहणीमान सारखे, घरची भाषा तेवढी वेगळी. फिनिश भाषेचे घराणे अगदीच निराळे, स्वीडिश मात्र इंग्रजीची जवळची नातेवाईक. ओबो येथील भाषाशास्त्रज्ञ होकान रिंगबोम यांनी दोन्ही गटांच्या इंग्रजीची वर्षानुवर्षे तुलना केली. स्वीडिश घरांतली मुले सातत्याने पुढे होती, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत.

तरीही फिनिश भाषक माणूस आज चांगले इंग्रजी बोलतो, बऱ्याचदा इटालियन किंवा स्पॅनिश माणसापेक्षा सफाईने. त्याची भाषा तर इंग्रजीपासून या दोघांपेक्षा कितीतरी दूर. इथे घरबसल्या कानावर पडणारी भाषा महत्त्वाची ठरते. फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि पोर्तुगाल हे लहान बाजारपेठांचे देश. प्रत्येक परदेशी चित्रपटाला आपल्या भाषेतला आवाज देणे परवडत नाही, म्हणून तिथे मूळ आवाज ठेवून खाली ओळी दिल्या जातात. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेनमध्ये परदेशी कलाकार स्थानिक भाषेतच बोलतात. इटलीत मुसोलिनीच्या काळी पडद्यावर परकी भाषा ऐकू येण्यास बंदी होती, स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने १९४१ मध्ये भाषांतरित आवाज सक्तीचा केला. राज्यकर्त्यांचे ते निर्णय गेले, सवय राहिली, आणि त्या देशांतल्या पिढ्यांचे कान इंग्रजीला पारखे झाले.

इंग्रजी ‘सोपी’ वाटण्याचा मोठा वाटा या सतत कानांवर पडण्यात आहे. युरोपीय संघात माध्यमिक शाळेतली ९० टक्क्यांहून अधिक मुले इंग्रजी शिकतात. गाणी, खेळ, संगणक आणि नोकरीच्या जाहिराती तिचीच उजळणी करून घेतात. पोलिश किंवा डॅनिश शिकणाऱ्याला असे वातावरण मुद्दाम शोधावे लागते. वर्गातल्या तासांचा हिशेब घेतला तर फरक फारसा उरत नाही. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या ठरवल्या. त्यांपैकी चौथ्या, म्हणजे बी-२ पायरीसाठी केंब्रिजची परीक्षा संस्था इंग्रजीला ५०० ते ६०० तास सांगते. त्याच पायरीसाठी ग्योथे संस्था जर्मनला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका सांगते, म्हणजे ४५० ते ६०० तास. लिंगे आणि विभक्ती यांचा सगळा बोजा असलेली जर्मन त्या पायरीवर इंग्रजीच्या बरोबरीने पोचते.

मराठी माणसासाठी हे सगळे आकडे कामाचे आहेत, आणि त्यांत अनपेक्षित दिलासाही आहे. जर्मनची तीन लिंगे इंग्रजी माणसाला भिववतात. मराठी मूल ‘तो चमचा, ती वाटी, ते ताट’ म्हणतच मोठे होते. शब्दागणिक लिंग पाठ करावे लागेल, पण लिंग ही कल्पना नव्याने शिकावी लागत नाही. जर्मन माणूस एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतो, मराठीतही एकक आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आले तेव्हा झालेला वाद अनेकांना आठवत असेल. फिनिशमध्ये घर म्हणजे ‘तालो’, घरात ‘तालोस्सा’, घरातून ‘तालोस्ता’. रस्ता ‘कातु’, रस्त्यावर ‘कादुल्ला’. प्रत्यय लागताना मूळ शब्दाचे रूप बदलते, तसे मराठीत ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते. सामान्यरूप शाळेत शिकलेल्याला फिनिशची ही चाल परकी वाटू नये. बास्क भाषेत कर्त्याला खास प्रत्यय लागतो, तोही ‘त्याने आंबा खाल्ला’ म्हणणाऱ्याच्या ओळखीचा.

ही अनुकूलता आता प्रत्यक्ष उपयोगाची ठरू शकते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशा तरुणांना त्यासाठी जर्मन शिकावी लागते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि माक्स म्युलर भवन यांनी जर्मन अध्यापनाची परंपरा पूर्वीपासून जपली आहे. पण बहुतेक वर्गांत जर्मन शिकवली जाते ती इंग्रजीतून, इंग्रजी भाषकासाठी लिहिलेल्या पुस्तकांतून. ज्याला लिंग आणि विभक्ती मराठीतून ठाऊक आहेत, त्याला आधी त्या नसलेल्या भाषेतून त्या समजावल्या जातात. जिल्ह्याजिल्ह्यातल्या मुलांसाठी मराठीतून जर्मन शिकवणारी चांगली पुस्तके निघाली, तर पहिल्या सहा महिन्यांतली गळती नक्की कमी होईल.

इंग्रजीच्या बाबतीत मराठी माणसाची अडचण नेमकी उलटी आहे. देवनागरीतही ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले ‘च’ वेगळे आहेत, ऱ्हस्वदीर्घ लिहिले जातात तसे बोलले जातातच असे नाही. तरी लिहिले ते वाचता येते, हा विश्वास ही लिपी देते. इंग्रजीसाठी मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे घेतली, पण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना ‘व’च उरला, आणि ‘शिप-शीप’मधला फरक कागदावर दिसला तरी जिभेवर टिकत नाही. एकेकाळी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून व्याकरणाच्या वाटेने पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती वाट लेखी इंग्रजीपुरती पक्की होती. कानाचे काम तिच्यात नव्हते.

२००० पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. लाखो मराठी मुले तर थेट इंग्रजी माध्यमात पाठवली जातात. इथे डंडीचे आकडे पुन्हा नीट वाचायला हवेत. स्कॉटिश मुलाला वाचायचा शब्द आधीच ठाऊक होता. घरात, रस्त्यावर, दूरचित्रवाणीवर तो हजारदा ऐकलेला होता. तरी वर्षाअखेर तीन शब्दांतला जेमतेम एक बरोबर वाचला गेला. बीड किंवा गडचिरोलीतल्या मुलाने तो शब्द ऐकलेलाच नसतो. त्याच्या पालकांनीही नसतो. त्या मुलाकडून पहिलीत इंग्रजी वाचनाची अपेक्षा करणे आणि जमले नाही की त्याला ‘कच्चे’ म्हणणे, हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

इंग्लंडने स्वतःच्या मुलांसाठी याची दखल घेतली. २००६ च्या रोझ अहवालानंतर तिथल्या शाळांत अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीरपणे शिकवण्यावर भर आला, आणि २०१२ पासून पहिलीच्या मुलांची ध्वनीवाचनाची छोटी तपासणी होते. आधी ध्वनी, मग अक्षरगट, आणि नियमाबाहेरचे शब्द वेगळे काढून थोडे थोडे, असा तो क्रम. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हाच क्रम द्यायचा तर आधी एक-दोन वर्षे फक्त ऐकणे आणि बोलणे, त्या काळात वाचनाचा पाया देवनागरीत पक्का करणे, आणि इंग्रजी वाचनाची परीक्षा तिसरी-चौथीपर्यंत पुढे नेणे, एवढे तरी करावे लागेल. शिकायला वय उलटून जाते ही धास्तीही इथे बाळगण्याचे कारण नाही. जोशुआ हार्ट्सहॉर्न, जोशुआ टेनेनबॉम आणि स्टीव्हन पिंकर यांनी २०१८ मध्ये सुमारे ६,७०,००० लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची तपासणी केली, तेव्हा नवे व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७ व्या वर्षापर्यंत टिकून असल्याचे त्यांना दिसले. अस्सल स्थानिकाइतके सफाईदार व्हायचे तर दहाव्या वर्षाच्या आसपास सुरुवात हवी, असेही त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे पाचवी-सहावीचे वर्ष जवळ येईपर्यंत मराठी मुलाकडे इंग्रजी घाईशिवाय शिकायला पुरेसा वेळ असतो, आणि शाळेचे वेळापत्रक तेवढा वेळ त्याला देऊ शकते.